जॉन हचिन्सन

जॉन हचिन्सन (१८११ – १८६१) हे इंग्लिश शल्यचिकित्सक आणि स्पायरोमीटर या श्वसनमापक यंत्राचे जनक होते. फुप्फुसांची धारकता प्रामुख्याने उंचीनुसार वाढते, वजनानुसार नव्हे, हे त्यांनी मोजमापांच्या आधारे दाखवले.

जीवन

हचिन्सन यांचा जन्म उत्तर इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळच्या रायटन येथे झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर त्यांनी लंडनमध्ये व्यवसाय केला व एका आयुर्विमा कंपनीसाठीही काम केले. इ.स. १८५२ मध्ये कुटुंबास मागे ठेवून ते ऑस्ट्रेलियास गेले. तेथून ते फिजी बेटांवर गेले आणि १८६१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

संशोधन

हचिन्सन यांच्या यंत्रात पाण्यावर उपडे ठेवलेले भांडे फुंकलेल्या हवेने वर उचलले जाई व हवेचे आकारमान मोजपट्टीवर दिसे. खलाशी, सैनिक, पोलीस, मुष्टियोद्धे अशा २,००० हून अधिक व्यक्तींची मोजणी करून त्यांनी १८४६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्ण श्वास घेऊन जास्तीत जास्त बाहेर टाकता येणाऱ्या हवेस त्यांनी 'व्हायटल कपॅसिटी' हे नाव दिले. उंचीच्या प्रत्येक इंचामागे ती सुमारे ८ घनइंच वाढते, तर वाढत्या वयानुसार आणि अतिस्थूलतेमुळे घटते, असे त्यांना आढळले. तिच्यातील घट ही क्षयरोगाची पूर्वसूचना ठरू शकते, असे त्यांचे मत होते.

महत्त्व

हचिन्सन यांच्या काळी व्हेंटिलेटर नव्हते. तथापि फुप्फुसे गंभीररीत्या निकामी झालेल्या स्थूल रुग्णांच्या उपचारात हाच संबंध महत्त्वाचा ठरतो. व्हेंटिलेटरने द्यावयाच्या प्रत्येक श्वासाचे आकारमान प्रत्यक्ष वजनावरून न ठरवता उंची व लिंग यांवरून काढलेल्या अपेक्षित वजनावरून ठरवतात. १६० सेंमी उंचीच्या स्त्रीचे अपेक्षित वजन सुमारे ५२ किलो येते. दर किलोस ६ मिलिलिटरप्रमाणे तिला सुमारे ३१५ मिलिलिटर हवा पुरते. तिच्या प्रत्यक्ष १२० किलो वजनावरून हिशेब केल्यास ७२० मिलिलिटर हवा जाऊन फुप्फुसांना इजा होऊ शकते.

दाबाची निश्चिती मात्र वेगळी असते. पोट व छातीवरील मेदाच्या भाराने उच्छ्वासाअखेरीस वायुकोश मिटतात. ते उघडे ठेवण्यासाठी अशा रुग्णांत उच्छ्वासाअखेरचा दाब अनेकदा अधिक ठेवावा लागतो. यंत्रावर दिसणाऱ्या दाबाचा काही भाग छातीची भिंत हलवण्यात खर्च होतो. त्यामुळे पाण्याच्या ३० सेंमी या प्रचलित दाबमर्यादेचा अर्थही अशा रुग्णांत तारतम्याने लावला जातो.