डॉ. सलीम अली आणि भरतपूरचं पाणथळ

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ तारखेला डॉ. सलीम अली यांचा. या निमित्ताने मुलांना सलीम अलींची गोष्ट सांगताना ती चिमणीपाशीच थांबू नये, भरतपूरपर्यंत जावी, म्हणून हा लेख.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वात धाकटे. आईवडील अगदी लहानपणीच गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवलं. छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही कुठली चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी तर ओळखलाच, शिवाय पेंढा भरून जपलेल्या पक्ष्यांचा संग्रह कपाटं उघडून दाखवला. मुलाच्या प्रश्नाला मोठ्या माणसाने वेळ दिला, एवढंच घडलं. पण आयुष्याची दिशा तिथेच ठरली.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. कॉलेजात मन रमेना, म्हणून ते ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात गेले. परत आल्यावर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात काही काळ नोकरी केली, मग जर्मनीत बर्लिनला जाऊन स्ट्रेसमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकले. परतले तर नोकरीची जागाच उरली नव्हती! तेव्हा अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम होतं. आणि एक संसार मांडून झाला की तोच नर दुसरं घरटं विणायला घेतो. हे सगळं रोज तासन्‌तास बसून, बघून, लिहून ठेवलेलं.

आता भरतपूर. राजस्थानात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचं पाणी जिथे पसरतं, तिथे हा सखल भाग आहे. हे पाणी पुढे यमुनेकडे जातं. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी अजान बांध घातला, पाणी अडलं आणि पाणथळ तयार झालं. क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर. थंडीत इथे सायबेरिया आणि मध्य आशियातून बदकं उतरतात, पावसाळ्यात करकोचे आणि बगळे झाडांवर वसाहती करतात. संस्थानिकांसाठी मात्र ती शिकारीची जागा होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. त्याच दिवशी सलीम अली ४२ वर्षांचे झाले होते.

स्वातंत्र्यानंतर हे पाणी काढून तिथे शेती करावी, अशी मागणी झाली. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन ही जागा वाचवण्यासाठी प्रयत्न केले. १९५६ मध्ये ते अभयारण्य झालं. पुढे सोसायटीने तिथे हजारो पक्ष्यांच्या पायात नंबरची कडी घातली. त्यातली काही बदकं दूर सायबेरियात सापडली, आणि स्थलांतराचा रस्ता अंदाजावर न राहता कागदावर आला.

यापुढचा भाग पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. म्हशींच्या चराईमुळे पाणथळ बिघडतं, असं सलीम अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मत होतं. १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं नेणारे गावकरी चिडले, संघर्ष झाला, गोळीबारात माणसं मेली. आणि नंतर काय दिसलं? म्हशी गेल्यावर पास्पॅलम गवत बेसुमार माजलं, उघडं पाणी कमी झालं, बदकांना जागा उरेना. हे दाखवून दिलं ते सोसायटीच्याच दहा वर्षांच्या अभ्यासाने! १९८७ मध्ये सलीम अली गेले, तेव्हा तो अभ्यास चालूच होता.

यात त्यांचा मोठेपणा कमी होतो का? मला तसं वाटत नाही. बघा, मोजा, लिहून ठेवा, ही सवय त्यांनीच संस्थेला लावली होती, आणि त्या सवयीनेच त्यांचं मत तपासलं. मोठ्या माणसाचं म्हणणंही नोंदींवर घासून बघायचं असतं, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. पण त्या गोळीबारात गेलेल्यांना या उत्तराचा काही उपयोग झाला नाही, हेही मोठ्या वर्गात लपवू नये.

आपल्याकडे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचं नांदूर मध्यमेश्वर ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणून ओळखलं जातं. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथे सहल नेता आली तर उत्तमच. नाहीतर गावचा तलाव आहे, ओढा आहे. दर शनिवारी ठराविक वेळी मुलांना अर्धा तास बसवा. किती पक्षी, कोणते, पाणी कुठवर, गुरं किती, एवढं वहीत लिहू द्या. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहावं. जूनपासून मार्चपर्यंतची वही भरली की मुलांना त्यातून काय बदललं ते विचारा.