नारायण वामन टिळक

सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्रास मिळते, तेथे रायगडचा किनारा संपतो आणि रत्नागिरीचा सुरू होतो. नारळी-पोफळीच्या त्याच मुलखात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव या गावी, 6 डिसेंबर 1861 रोजी नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी लिहिलेल्या कविता पुढे इतक्या लोकप्रिय झाल्या, की महाराष्ट्र त्यांस 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखू लागला. परंतु फुलाची पाकळी दुखावली तर हळहळणाऱ्या या कवीच्या हातून घरातील एक माणूस मात्र फार दुखावले गेले होते.

नारायणाचे वडील अत्यंत तापट होते. आई जानकीबाई भाविक वृत्तीच्या. आईवर नारायणाचा फार जीव होता. पण तो लहान असतानाच ती वारली. तेव्हा त्याने घर सोडले आणि विद्येसाठी नाशिकची वाट धरली. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्याने संस्कृताचे अध्ययन केले. आईची कविता आणि वडिलांचा राग, असा दुहेरी वारसा त्यास मिळाला होता असे म्हणावयास हरकत नाही.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मीबाई असे ठेवण्यात आले. लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्या-ओवळ्याचे इतके स्तोम होते, की बाहेरून आलेली वस्तू धुऊन घेतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरातून आलेल्या या मुलीच्या वाट्यास आलेला पती विद्वान, उदार, पण मोठा लहरी होता. खिशात असेल ते कोणा गरजवंतास देऊन रिकाम्या हातांनी घरी यावे, क्षुल्लक गोष्टीवरून संतापावे, आणि एखाद्या दिवशी मनात येईल तिकडे निघून जावे, असा त्यांचा क्रम असे. मागे राहिलेल्या पत्नीने दिवस कसे काढावे, याचा विचार त्यांच्या मनात फारसा येत नसे.

1893 साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने त्यांस बायबलातील 'नवा करार' भेट दिला. टिळक तो वाचू लागले आणि येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे मन तेथे खिळून राहिले. याच प्रवचनात एक विलक्षण शिकवण आहे. देवाच्या वेदीपाशी दान घेऊन गेल्यावर जर आठवले, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे, तर दान तेथेच ठेवावे, आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा आणि मग येऊन दान अर्पावे. ख्रिस्ताच्या चरित्रातील जक्कय नावाच्या जकातदाराची कथाही अशीच आहे. ज्यास फसविले त्यास चौपट परत करण्याचे त्याने भर लोकांत कबूल केले.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. मनास पटलेला धर्म स्वीकारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. त्यात त्यांचा दोष नव्हता. परंतु ज्या पाऊलाने पत्नीचे सारे आयुष्य उलथून जाणार होते, ते त्यांनी तिला विश्वासात न घेता टाकले. त्या काळी धर्मांतर केलेल्या माणसाच्या हातचे पाणीही चालत नसे. लक्ष्मीबाईंस पती जिवंत असून नसल्यासारखा झाला. दत्तू नावाच्या लहान मुलास घेऊन त्यांनी नाशिक व पंढरपूर येथे नातलगांच्या आश्रयाने दिवस काढले. त्या दुःखातच त्यांच्या तोंडून कविता उमटू लागली.

जक्कयाचे काम एका अर्थी सोपे होते. त्याने घेतला होता तो पैसा, आणि पैसा मोजून परत करता येतो. टिळकांनी एका स्त्रीची सुरक्षितता, तिचे माणसांतील स्थान आणि विश्वास हिरावून घेतला होता. तो चौपट करून कसा द्यावयाचा?

ख्रिस्ती झालेल्या पुरुषाची पत्नी त्याच्याकडे येण्यास तयार नसेल, तर न्यायालयाकडून विवाह रद्द करून घेण्याची सोय 1866 सालच्या एका कायद्याने झालेली होती. टिळकांनी त्या वाटेने जाऊन दुसरे लग्न केले नाही. ते अहमदनगरला राहून शिकविण्याचे काम करीत आणि पत्नीस पत्रे लिहीत. एक नाही, दोन नाही, जवळजवळ पाच वर्षे अशी गेली. एरवी क्षणाचाही धीर नसलेला हा मनुष्य एवढा काळ वाट पाहू शकला, याचे आश्चर्य वाटते.

अखेर लक्ष्मीबाई नगरला आल्या, पण आपले सोवळे सांभाळून. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी त्यास विरोध केला नाही. स्वतः ज्या आचारांचा त्याग केला, तेच आचार पत्नीस पाळता यावेत म्हणून त्यांनी व्यवस्था केली. एकदा तिच्या मनाचा विचार न करता त्यांनी निर्णय घेतला होता. या वेळी निर्णय तिच्याच हाती राहिला. घरात रोज प्रार्थना होई, चर्चा होई, आणि लक्ष्मीबाई आपल्या मनाशी तोलून पाहात. पुढे एके रात्री विचार करता करता त्यांस स्वतःलाच पटले, की जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे. दुसऱ्या दिवसापासून त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. 1900 साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला.

यानंतर टिळकांचा राग नाहीसा झाला असे मात्र नाही. तो शेवटपर्यंत राहिला. पण रागावल्यावर ते लगेच विरघळत, आणि लहानथोर न पाहता क्षमा मागत. त्यांच्या घरात दुष्काळातील पोरक्या मुलांस आसरा मिळाला, आणि त्या मुलांची आई झाल्या लक्ष्मीबाई.

परक्या वेषात आलेला धर्म आपल्या लोकांस परका वाटतो हे ओळखून टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि कीर्तनांत आणली. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी सेवाही सोडली आणि साताऱ्यास राहून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्वांसाठी 'देवाचा दरबार' उभारण्याचे काम हाती घेतले. 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला.

ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचे आरंभीचे अध्याय तेवढे टिळकांचे. पुढचे बहुतेक सारे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. आपल्या आठवणीही त्यांनी लिहून काढल्या. 1934 सालापासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात पतीचा राग आहे, त्याचे निघून जाणे आहे, आणि त्या कडू दिवसांच्या कथाही त्यांनी हसत हसत सांगितल्या आहेत.