हर्मन स्नेलन : नजरेला माप देणारे डॉक्टर



शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं की भिंतीवर अक्षरांचा तक्ता लागतो. वर एक मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. या तक्त्यामागच्या माणसाची ही ओळख.

हर्मन स्नेलन यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८३४ रोजी नेदरलँड्समध्ये झाला. डॉक्टर झाल्यावर उट्रेख्त शहरातल्या नेत्र रुग्णालयात ते प्रसिद्ध नेत्रतज्ज्ञ डोंडर्स यांच्या हाताखाली काम करू लागले. तेव्हा नजर मोजण्याचं सर्वमान्य माप नव्हतं. वाचायला द्यायचा मजकूर जागोजागी वेगळा, त्यामुळे एकाची नोंद दुसऱ्याला नीट कळत नसे.

१८६२ मध्ये स्नेलन यांनी आपला तक्ता प्रसिद्ध केला. प्रत्येक अक्षर पाच बाय पाच चौकटींत बसवलेलं. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर मुलाला ६ मीटरवरूनच दिसत असेल, तर नोंद ६/६०. सर्वसाधारण चांगली नजर म्हणजे ६/६. पुढे ते प्राध्यापक झाले, डोंडर्स यांच्यानंतर रुग्णालयाचे प्रमुखही झाले. १९०८ मध्ये त्यांचं निधन झालं.

या मापामुळे डोळ्यांचं काम अनेकांना वाटून घेता आलं. आज कोण काय करतं, बघा :

• नेत्रतज्ज्ञ : एमबीबीएसनंतर नेत्ररोगाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. आजाराचं निदान, औषध, शस्त्रक्रिया.
• ऑप्टोमेट्रिस्ट : नजर तपासतात, चष्म्याचा नंबर काढतात, आजाराची शंका आली की डॉक्टरांकडे पाठवतात.
• ऑप्टिशियन, म्हणजे आपला चष्मेवाला : दिलेल्या नंबरची काच फ्रेममध्ये नीट बसवून देतो.

पालकहो, मुलाचा पहिला चष्मा थेट दुकानातून आणू नका. लहान मुलांचा नंबर बरेचदा डोळ्यांत थेंब टाकून तपासावा लागतो. तिरळेपणा किंवा बुबुळात पांढरेपणा दिसला, तर लगेच नेत्रतज्ज्ञच गाठा.

आणि शिक्षक मित्रांनो, एका डोळ्यानं कमी दिसणारं मूल तक्रार करत नाही. दुसरा डोळा भागवून नेतो. म्हणून तपासणीत एकेक डोळा झाकूनच वाचायला लावा. आळशी डोळ्यावर लहानपणी उपचार चांगले लागू पडतात, वय वाढेल तसं ते अवघड होत जातं. फळ्यावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं मूल वर्गात आहे का? उद्याच बघा, आणि पालकांना निरोप द्या.