नाइटिंगेल यांची दोन चित्रे

क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांसाठी फ्लोरेन्स नाइटिंगेल (१८२०-१९१०) १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. १८५६ मध्ये जेरी बॅरेट हा इंग्रज चित्रकार त्यांचे चित्र काढायला तेथे गेला. त्यांनी त्यासाठी बसायला नकार दिला. तरीही त्याने चित्र पूर्ण केले. इस्पितळाच्या दारात जखमींना दाखल करून घेणाऱ्या नाइटिंगेल आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत दिसतात.

दुसरे चित्र त्यांनी स्वतः १८५८ मध्ये मांडले. ती होती युद्धातील मृत्यूंची महिनावार आकृती. लाल रंग जखमांचा, निळा टाळता येण्याजोग्या आजारांचा, काळा इतर कारणांचा. त्यात निळाच सर्वाधिक पसरलेला होता. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा कॉलरा, जुलाब, टायफस यांनी जास्त सैनिक नेले. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले.

पहिल्या चित्रातील करुणा आपण लक्षात ठेवली. वॉर्डात मात्र आजही जखमेइतकीच नजर संडास, पाण्याची टाकी आणि मृत्यूंची नोंदवही यांवर हवी.