कॅनरीवाले डॉक्टर हाल्डेन आणि बोगद्यातील न दिसणारी धूळ

तुमच्या घरातील कोणी बोगद्याच्या, खाणीच्या किंवा दगड फोडण्याच्या कामावर असेल, तर जॉन स्कॉट हाल्डेन या डॉक्टरांची गोष्ट तुम्ही जरूर वाचा. खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत त्यांच्यामुळे रूढ झाली. पण कोणत्या धोक्यापुढे हा पक्षी कामाचा नाही, हेही त्यांच्या आयुष्यातून कळते.

हवा तपासणारा डॉक्टर

हाल्डेन यांचा जन्म १८६० साली स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. १८८४ मध्ये ते तेथूनच डॉक्टर झाले. दवाखाना थाटण्याऐवजी ते हवा तपासू लागले. डंडी शहरातील गरिबांची घरे, शाळा, गटारे अशा ठिकाणी जाऊन ते हवेचे नमुने घेत. पुढे ऑक्सफर्डला गेल्यावरही त्यांनी हेच काम चालू ठेवले.

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ जण दगावले. हाल्डेन यांनी तेथे जाऊन मृतदेह तपासले. बहुतेकांचा बळी स्फोटाने नव्हे, तर त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. त्याचा परिणाम समजून घेण्यासाठी हाल्डेन यांनी तो स्वतः श्वासातून घेतला आणि स्वतःचे रक्त तपासले.

कॅनरीचा उपाय यातूनच आला. लहान जीवाचा श्वास भरभर चालतो, म्हणून विषारी वायूने तो माणसाच्या आधी कोसळतो. तेवढ्या वेळात कामगार बाहेर पडू शकतो. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत टिकली.

१९०८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून आणखी एक नियम दिला. दाबाखालील हवेत काम केलेल्या माणसाला टप्प्याटप्प्याने बाहेर आणायचे. पाणबुड्यांइतकाच नदीखालचे बोगदे खोदणाऱ्यांनाही त्याचा फायदा झाला.

धुळीपुढे पक्षी निरुपयोगी

कॉर्नवॉलमधील कथिलाच्या खाणींत कामगार फुप्फुसाच्या आजाराने फार लवकर मरत होते. १९०४ च्या अहवालात हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण दाखवले: यंत्राने कोरडा खडक भोसकताना उडणारी दगडाची धूळ. सर्वाधिक फटका ड्रिल चालवणाऱ्यांना बसत होता. त्यातील बरेच जण दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतही काम करून आले होते. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. ड्रिल चालताना पाणी मारा, धूळ हवेत उडूच देऊ नका.

धुळीने पक्षी कोसळत नाही. माणसालाही त्या दिवशी काही होत नाही. तो संध्याकाळी ठणठणीत घरी जातो. त्रास सुरू होतो तो काही वर्षांनी.

हाल्डेन स्वतःही एका बाबतीत चुकले. कोळशाची धूळ फारशी घातक नाही, असे त्यांचे मत होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९४० च्या दशकात, वेल्समधील खाणकामगारांच्या तपासणीतून ते खोटे ठरले. आज त्रास दिसत नाही म्हणून धूळ निरुपद्रवी, असे एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानेही धरून चालायला नको होते.

अखेरपर्यंत ते कामाच्या जागी जात राहिले. इराण-इराकमधील तेल कामगारांना उष्माघात कसा होतो, हे पाहून आल्यावर १९३६ मध्ये न्यूमोनियाने ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, पुढे भारतात स्थायिक झाले.

खडकातच असलेले अ‍ॅस्बेस्टॉस

अ‍ॅस्बेस्टॉस म्हटले की आपल्याला सिमेंटचे पत्रे आठवतात. पण ते मुळात खनिज आहे. सर्पेंटाइनसारख्या काही खडकांत त्याच्या शिरा निसर्गतःच असतात. इटलीत जिनोआजवळ तेर्झो वालिको रेल्वेमार्गाचे बोगदे खोदताना असाच खडक लागला.

असा खडक फोडला की सुईसारखे तंतू सुटतात. ते उभे चिरत जाऊन इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत आणि तासन्‌तास हवेत तरंगतात. फुप्फुसात रुतलेले तंतू शरीराला सहज काढून टाकता येत नाहीत. अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा हा आवरणाचा कर्करोग बऱ्याचदा २० ते ४० वर्षांनी उघड होतो. फुप्फुसावर पडलेला व्रण भरून काढणारे औषध नाही. म्हणून खरा उपाय आजार होण्याआधीचाच.

कामावर काय असायला हवे?

- खोदण्यापूर्वी पुढच्या खडकाचे नमुने घेऊन तपासणी.
- ड्रिल करताना, खडक फोडताना आणि मलबा उचलताना पाण्याचा मारा.
- दूषित हवा जागेवरच ओढून गाळणारी यंत्रणा आणि हवेतील तंतूंची नियमित मोजणी.
- चेहऱ्याला घट्ट बसणारा, योग्य फिल्टरचा मास्क. रुमाल किंवा साधा कापडी मास्क हे तंतू अडवत नाही.
- कामावरच अंघोळ आणि कपडे बदलण्याची सोय. धुळीचे कपडे घरी आणल्यास ते धुणाऱ्या व्यक्तीलाही आजार होऊ शकतो.

मास्क यादीत शेवटाकडे आहे, तो मुद्दाम. बाकीचे काही न करता नुसता मास्क हातात दिला, तर ते संरक्षण अपुरे आहे.

तुम्ही काय कराल?

धूम्रपान सोडा. अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. चालताना धाप लागत असेल किंवा कोरडा खोकला जात नसेल, तर डॉक्टरांना भेटा. आम्ही छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी सांगतो. पण पूर्वी कुठे, किती वर्षे आणि कसल्या धुळीत काम केले, हे तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कळणार नाही. ते काम २५ वर्षांपूर्वी सोडले असले, तरी आवर्जून सांगा.