गणिताकडून माणसाकडे : आल्फ्रेड मार्शल

आपल्या मंडळाच्या अनेक कुटुंबांतील मुलेमुली महाविद्यालयात अर्थशास्त्र हा विषय घेऊन शिकत आहेत. पदवीच्या पहिल्याच वर्षी त्यांची गाठ सूक्ष्म अर्थशास्त्राशी पडते. मागणीची उतरती रेषा, पुरवठ्याची चढती रेषा, दोहोंच्या छेदनबिंदूवर ठरणारी किंमत, मागणीची लवचिकता, उपभोक्त्याचे आधिक्य, अल्पकाळ आणि दीर्घकाळ : ही सारी परिभाषा आम्हीही बी. ए.च्या वर्गात घोकलेली आहे. विद्यार्थ्याला हा विषय बहुधा कोरडा वाटतो. परंतु ज्या पुरुषाने ही परिभाषा अभ्यासक्रमात रूढ केली, तो आकृत्यांच्या आवडीने या शास्त्राकडे वळला नव्हता. त्याला तिकडे ओढून नेले ते गरिबांच्या चेहऱ्यांनी. त्या आल्फ्रेड मार्शल यांचा परिचय तरुण वाचकांना करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

मार्शल यांचा जन्म २६ जुलै १८४२ रोजी लंडनच्या बर्मंडसी भागात झाला. वडील बँक ऑफ इंग्लंडमध्ये नोकरीस होते. घरची शिस्त करडी आणि धार्मिक. मुलाने ऑक्सफर्डला जाऊन धर्मोपदेशक व्हावे, ही पित्याची इच्छा. मुलाचा ओढा मात्र गणिताकडे. त्याने ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती नाकारली आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या काकांकडून कर्जाऊ पैसे घेऊन केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात प्रवेश मिळविला. १८६५ मध्ये ते दुसरे रँग्लर झाले. याच कॉलेजातून ३४ वर्षांनी आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले, हे महाराष्ट्रीय वाचकांस सांगावयास नको. पुढे मार्शल यांनी गणिताच्या शिकवणीच्या कमाईतून काकांचे कर्ज फेडले.

एवढ्या यशानंतर गणितातच त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते. परंतु त्यांच्या मनाला एका प्रश्नाने घेरले. समाजातील बहुसंख्य लोकांनी दारिद्र्यात पिचत राहावे, हे खरोखरच अटळ आहे काय? सुटीच्या दिवसांत ते निरनिराळ्या शहरांतील दरिद्री वस्त्यांतून पायी हिंडत आणि तेथल्या माणसांचे चेहरे निरखीत. एकदा दुकानाच्या काचेआड त्यांना एक लहानसे तैलचित्र दिसले. जीवनात हरलेल्या, खंगलेल्या एका माणसाचा चेहरा त्यात होता. काही शिलिंग मोजून त्यांनी ते विकत घेतले आणि कॉलेजातील आपल्या खोलीत शेकोटीच्या वर लावले. आपली विद्या अशा माणसाच्या उपयोगी पडली पाहिजे, याची आठवण ते चित्र त्यांना करून देई. नीतिशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या वाटेने ते अर्थशास्त्राकडे आले ते असे.

१८७७ मध्ये त्यांनी मेरी पेली यांच्याशी विवाह केला. मेरीबाई न्यूनहॅमच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८७४ मध्ये त्यांनी नीतिशास्त्राची ट्रायपॉस परीक्षा दिली होती आणि त्या स्वतः अर्थशास्त्र शिकवीत. कॉलेजच्या तत्कालीन नियमाप्रमाणे फेलोने अविवाहित असणे आवश्यक होते, म्हणून मार्शल यांना फेलोशिप सोडावी लागली. पतिपत्नी ब्रिस्टलला गेली. तेथे मार्शल नव्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले. दोघांनी मिळून लिहिलेले उद्योगाचे अर्थशास्त्र हे पाठ्यपुस्तक १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास मूतखड्याच्या विकाराने मार्शल यांची प्रकृती ढासळली. १८८१ मध्ये पद सोडून ते विश्रांतीसाठी सिसिलीतील पालेर्मो येथे राहिले. तेथे घराच्या गच्चीवर बसून चिंतन करीत असता मागणीच्या लवचिकतेची कल्पना त्यांच्या मनात पक्की झाली.

ही कल्पना आपल्या गृहिणींना पुस्तकावाचून ठाऊक आहे. हापूस आंबा महाग झाला की पेटीऐवजी डझनावर भागते. मीठ महाग झाले म्हणून आमटीत कमी घालता येत नाही. पहिली मागणी लवचिक, दुसरी ताठर. म्हणूनच मिठावरील कर सरकारला हमखास उत्पन्न देतो आणि गरिबाला हमखास टोचतो. हा कर किती जाचक होता, हे १९३० मध्ये दांडीयात्रेने जगापुढे मांडले. शासकीय सेवेत दरांची आणि करांची कागदपत्रे हाताळताना आम्हांस या एका कल्पनेचे मोल वेळोवेळी पटले आहे.

१८८३ मध्ये मार्शल ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात गेले. हिंदुस्थानात येणाऱ्या आय. सी. एस. उमेदवारांना अर्थशास्त्र शिकविणे हे तेथे त्यांचे काम होते. १८८५ च्या आरंभी ते प्राध्यापक म्हणून केंब्रिजला परतले. १८९९ मध्ये हिंदी चलन समितीपुढे रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी साक्षही दिली.

अर्थशास्त्राची मूलतत्त्वे हा त्यांचा ग्रंथ १८९० मध्ये निघाला आणि १९२० पर्यंत त्याच्या आठ आवृत्त्या झाल्या. किंमत उत्पादनखर्चाने ठरते, असे जुने पंडित म्हणत. ती ग्राहकाला वाटणाऱ्या उपयोगितेने ठरते, असे नवे म्हणत. कात्रीचे कोणते पाते कागद कापते, असे विचारण्यासारखाच हा वाद आहे, हे मार्शल यांनी दाखविले. दोन्ही पाती लागतात. कोणते अधिक प्रभावी, हे काळावर अवलंबून असते. त्यासाठी त्यांनी मासळीचे उदाहरण घेतले. एका दिवसाच्या बाजारात जेवढी मासळी आली तेवढीच. तेथे ग्राहकाची ओढच भाव ठरविते. गुरांच्या साथीमुळे मांस महागले आणि वर्ष-दोन वर्षे मासळीला मागणी वाढली, तर जुन्या होड्या डागडुजी करून पाण्यात लोटतात आणि इतर कामांतली माणसे मासेमारीला येतात. मागणी पिढीभर टिकली, तर नव्या होड्या बांधल्या जातात, नवे कोळी तयार होतात आणि अखेर खर्चाचे पाते वरचढ ठरते. कोकणच्या किनाऱ्यावरील वाचकाला याहून सोपे काय सांगावे?

विशेष हे की, हा गणिती पुरुष गणित लपवून ठेवी. आकृत्या त्यांनी तळटीपांत घातल्या आणि समीकरणे शेवटी परिशिष्टात. गणिताने विचार तपासावा, मग तो साध्या भाषेत मांडावा, जीवनातील उदाहरणे द्यावीत, आणि हे जमले की गणित खुशाल जाळून टाकावे, असा त्यांचा सल्ला असे. ग्रंथ व्यापाऱ्याला आणि सामान्य वाचकाला समजला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

केंब्रिजमध्ये तोवर अर्थशास्त्र हे नीतिशास्त्र आणि इतिहास यांचे उपांग म्हणून शिकविले जाई. मार्शल यांच्या दीर्घ खटपटीने १९०३ मध्ये त्याची स्वतंत्र ट्रायपॉस परीक्षा सुरू झाली. १९०८ मध्ये ते निवृत्त झाले आणि पिगू त्यांच्या जागी आले. केन्स हेही त्यांच्याच तालमीतले.

थोरांचे चरित्र लिहिताना उणी बाजू झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. स्त्रियांना केंब्रिजची पदवी देण्याचा प्रश्न १८९६-९७ मध्ये निघाला, तेव्हा मार्शल यांनी कसून विरोध केला. ज्या पत्नीबरोबर पहिले पुस्तक लिहिले, तिच्यासारख्या स्त्रियांनाच त्यांनी पदवी नाकारली. पुढे ते संयुक्त पुस्तकही त्यांनी मागे घेतले. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. मेरीबाई १९४४ मध्येच निवर्तल्या होत्या. १३ जुलै १९२४ रोजी मार्शल यांचे निधन झाल्यावर त्यांच्या ग्रंथसंग्रहातून केंब्रिजमध्ये जे ग्रंथालय उभे राहिले, ते या बाईंनी ऐंशी ओलांडल्यावरही निष्ठेने सांभाळले. गरिबीची चौकट अटळ मानण्यास नकार देणाऱ्या पुरुषाने स्त्रियांपुढील चौकट मात्र तशीच राहू दिली, हे विसरता येत नाही.

आपल्या घरांतून आज मुलांइतक्याच मुली हा विषय घेत आहेत आणि पदव्याही मिळवीत आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, परीक्षेसाठी रेषा अवश्य काढाव्यात, गुणही भरपूर मिळवावेत. परंतु प्रत्येक रेषा काढून झाली की ती कोणाच्या ताटाशी, कोणाच्या मजुरीशी आणि कोणाच्या होडीशी जोडलेली आहे, हे आपल्या मातृभाषेत दोन वाक्यांत घरी सांगून पाहावे. आजीला ते समजले, तर अर्थशास्त्र समजले असे खुशाल मानावे.