छात्रालयातले गुरुजी

साने गुरुजींचे नाव निघाले की मराठी माणसाला आठवते ती ‘श्यामची आई’, नाही तर पंढरपूरचे उपोषण. जयंती-पुण्यतिथीच्या व्याख्यानांतही फिरून फिरून याच दोन गोष्टी येतात. पण ज्यांच्या घरातले मूल शिकायला परगावी राहते आहे, त्यांनी गुरुजींच्या आयुष्यातील आणखी सहा वर्षे मुद्दाम पाहावीत. ती अमळनेरच्या वसतिगृहातली. गुरुजी त्याला छात्रालय म्हणत.

पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली अमळनेरच्या शाळेत, म्हणजे पुढे प्रताप हायस्कूल म्हणून नावारूपाला आलेल्या शाळेत, शिक्षक झाले. वय चोवीस, स्वभाव कमालीचा संकोची. परगावी शिकणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. कोकणातल्या पालगडच्या घराचे वैभव ओसरले होते. दापोली, औंध, पुणे अशी शिक्षणासाठी वणवण झाली. हाताने रांधायचे, कधी अर्धपोटी निजायचे, आणि घरी मात्र ठीक चालले आहे असे कळवायचे. १९१७ साली आई गेली तेव्हा हा मुलगा जवळ नव्हता. ती सल त्यांनी जन्मभर बाळगली.

छात्रालय त्यांच्याकडे सोपवले गेले, तेव्हा खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले त्यांच्या हाती आली. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, अंथरुणे आवरत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढत. ‘छात्रालय’ नावाचे दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहीत आणि मुले ते वाचत. ही सारी कामे आपण मायाळूपणाच्या खात्यावर मांडतो. मला त्यात एक शहाणपणही दिसते. खोलीत जाणाऱ्या माणसाला पुष्कळ कळते. कोणाचे ताट जसेच्या तसे राहते, कोणाचे पत्र चार दिवस न फोडता पडले आहे, कोण दिवस उजाडला तरी पांघरुणातून बाहेर येत नाही. मन बिघडलेले मूल आपण होऊन दार ठोठावत नाही, म्हणून गुरुजी आपण होऊन त्याच्या दाराशी जात.

१९३० साली त्यांनी नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. नंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिकचे तुरुंग. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलेली ‘श्यामची आई’. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून दहा दिवसांचे उपोषण. महाराष्ट्राने त्यांना मातृहृदयी म्हटले. काहींनी रडके म्हणून हिणवलेही. त्या अश्रूंची कोणी पूजा केली, कोणी थट्टा केली. पण हे अश्रू इतके का येतात, हे त्यांना जवळ बसवून विचारणारे किती होते?

गांधीजींच्या हत्येनंतर गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुतणीला ते जी पत्रे लिहीत, त्यांत फुले, पाखरे, नद्या, आकाश, सारे आनंदाने भरलेले. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, मुंबईत त्यांनी स्वतःच आपल्या आयुष्याचा शेवट केला. स्वातंत्र्यानंतरच्या भ्रमनिरासाने हे घडले असे तेव्हापासून सांगितले जाते. इतक्या दुरून निदान करण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण एकाच कारणाची ही मांडणी मला अपुरी वाटते. तिने त्या मृत्यूला हौतात्म्याचा रंग चढतो, आणि आतून थकलेल्या माणसाला मदत मिळायला हवी होती ही साधी गोष्ट झाकली जाते.

मदत अगदीच नव्हती असेही नाही. जे. जे. रुग्णालयात १९३८ पासून मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग होता. पण तिथे जाणार कोण? पुण्यात येरवडा आणि मुंबईत ठाणे ही गावांची नावे राहिली नव्हती, शिव्या झाल्या होत्या. शिवाय जीव देण्याचा प्रयत्न हा कायद्याने गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार द्यायला हवेत हे मान्य केले. त्याला सदुसष्ट वर्षे लागली.

आज खानदेश, मराठवाडा, कोकणातून आलेली मुले नवी मुंबईत शिकतात. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर... १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा जिथे भातखाचरे आणि मिठागरे होती, तिथे आज अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये उभी आहेत. मुलगा भाड्याच्या खोलीत तिघांबरोबर राहतो आणि फोनवर आईला सांगतो, ठीक आहे. शंभर वर्षांत हे उत्तर बदललेले नाही. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. चांगलेच झाले. पण पाटी लावून दाराआड बसलेल्या समुपदेशकाकडे तो मुलगा जाईल का, हा अमळनेरचाच प्रश्न आहे.

गुरुजींची पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मात्र नाही. ज्याच्या हाती शिस्त, त्याच्याच कानी गुपित, ही जोडी अमळनेरला गुरुजींमुळे निभली. एरवी ती निभत नाही. हजेरी आणि गुण ज्यांच्या हातात, त्या प्राध्यापकांना मूल मनातले सांगणार नाही. समुपदेशक त्यांच्यापासून वेगळाच हवा, आणि सांगितलेले त्याच्यापाशीच राहील ही खात्री हवी. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात आहे, हे पहिल्याच दिवशी वर्गात सांगायला काय हरकत आहे? महाविद्यालयात जायचा संकोच वाटला तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, मराठीतूनही. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा तर २०१२ पासूनची, आणि ती संस्था खाडीपलीकडे देवनारलाच आहे.

वसतिगृहाच्या सूचनाफलकावर खाणावळीच्या वेळा आणि दंडाचे दर असतातच. त्यांच्या शेजारी हा क्रमांक लावायला कोणाच्या मंजुरीची गरज पडू नये. आणि दोन दिवस जेवायला न आलेल्या मुलाच्या खोलीपर्यंत जायचे काम कोणाकडे आहे, तेही तिथेच नावानिशी लिहिलेले असावे.